फोरिंटमधला भाव

९ मार्च १९९५, गुरुवार

आज न्यूरेनबर्गच्या लेन्ट्स कंपनीचं पत्र आलं. बत्तीस वर्षं मी या कंपनीशी पत्रव्यवहार करते आहे. आधी सरकारी हातमोजे कारखान्याच्या निर्यात खात्यातून केला. तो कारखाना बुडाल्यावर भाची मार्ताने त्यातली बारा यंत्रं आणि बारा बायका उचलून स्वतःचा छोटा कारखाना मांडला, तेव्हापासून तिच्यासाठी करते, बिनपगारी. जर्मन आणि फ्रेंच मला नोत्र दामच्या नन्सनी शिकवलं. नंतरच्या सरकारने त्या नन्सना हाकललं, त्यांची शाळा घेतली, आणि मला विद्यापीठाचं दार बंद केलं. मात्र परदेशी पत्रं लिहायची वेळ आली तेव्हा त्यांना नन्सचीच मुलगी लागली.

पत्रात लिहिलं आहे: तीन हजार जोड, बायकांचे, मऊ कोकराच्या कातड्याचे, सप्टेंबरअखेरपर्यंत दर महिन्याला थोडे थोडे. आणि पुढे, 'भाव कृपया आपल्या चलनात द्यावा. रक्कम आम्ही पैसे पाठवण्याच्या दिवशीच्या दराने मार्कात पाठवू.'

मी ते वाक्य तीनदा वाचलं. आपल्या चलनात! बत्तीस वर्षांत कुणा जर्मनाने आमच्या फोरिंटचं नाव पत्रात घेतलं नव्हतं. पश्चिमेकडे मार्क, पूर्वेकडे रुबल, आणि आमचा फोरिंट कायम स्वयंपाकघरात, पाहुणे आले की आत जा म्हटलेल्या सुनेसारखा. तो जन्मला तेव्हा मी अठरा वर्षांची होते. त्याच्या आधी पेंग्यो होता, आणि महागाईने कचरा झालेल्या त्याच्या नोटा आमच्या पेच शहराच्या रस्त्यांवरून झाडूने लोटताना मी पाहिल्या आहेत. बाबांचं वर्षभराचं पेन्शन आईने चुलीत घातलं होतं, पेटवायला. मग एक ऑगस्टला फोरिंट आला, आणि आईने त्यातून पाव आणला. दुसऱ्या दिवशी भाव तोच होता! आई दुकानातून रडत घरी आली.

मार्ताला फ्लू आहे. "मावशी, भाव तुम्हीच द्या, मला डोकं वर उचलवत नाही," म्हणाली. जोडीला चौदाशे फोरिंट लिहून फॅक्स पाठवला. म्हणजे साधारण अठरा मार्क. मार्ताला चलनाचं अजून सांगत नाही. ईस्टरला सगळ्यांसमोर सांगेन.

१२ मार्च, रविवार

अर्थमंत्री टीव्हीवर आला. या माणसाला नोकरीला लागून दोन आठवडे झाले नाहीत, आणि याने रविवारी, लोक जेवणाच्या टेबलावर असताना, देशाला सांगितलं की तुम्ही फार खाता. विद्यार्थ्यांनी फी भरावी. मुलांचा भत्ता सगळ्यांना नाही. बाळंतिणीचे पैसे कमी. बाहेरून येणाऱ्या मालावर आठ टक्के जादा जकात. उद्यापासून फोरिंट नऊ टक्के स्वस्त, आणि—

इथे मी टीव्ही बंद केला. फोरिंटचा असा चारचौघांत अपमान ऐकून घ्यायला मी बसले नव्हते.

पाच मिनिटांत वरच्या मजल्यावरचे देझोमास्तर खाली आले. हे चाळीस वर्षं कामगारांच्या रात्रशाळेत समाजवादी अर्थशास्त्र शिकवत होते. आता निवृत्त आहेत आणि भांडवलशाही शिकवतात, फुकट, जिन्यात.

"हात चुंबतो, एतेल्काबाई. ऐकलंत ना शेवटपर्यंत?"

"निम्मं ऐकलं. तेवढ्याने पोट भरलं."

"अहो, महत्त्वाचं तर शेवटी होतं!"

"मास्तर, तुमचं महत्त्वाचं नेहमी शेवटीच असतं. चाळीस वर्षं साम्यवादही शेवटीच येणार होता."

ते हसले आणि खसखशीचा केक खाऊन गेले. शेवटी काय होतं ते मी विचारलं नाही.

१४ मार्च, मंगळवार

लेन्ट्सकडून स्वीकृती आली! एरवी हा माणूस तीन आठवडे लावतो. या वेळी पाच दिवस. आणि तीन हजारांऐवजी सहा हजार जोड! देशाचा मंत्री आपल्या पैशाला पायाखाली घालतो, आणि न्यूरेनबर्गचा म्हातारा लेन्ट्स (खरं तर आता त्याचा मुलगा) त्याच पैशात दुप्पट मागणी देतो. याला म्हणतात कदर.

एका गोष्टीने मात्र तोंड कडू झालं. फॅक्सच्या खाली लेन्ट्सच्या ऑफिसातल्या केस्लरबाईंनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली आहे: 'भाव फोरिंटमध्येच असावा असा आपला निश्चित उद्देश आहे ना? कृपया विचार करून पुन्हा एकदा कळवावे. आपल्या उत्तरापर्यंत मी करार फाइलला लावत नाही.'

विचार करून! बत्तीस वर्षांत या बाईंनी छापील मजकुराबाहेर मला एक अक्षर लिहिलं नाही. आम्ही एकमेकींना पाहिलेलंही नाही. आणि पहिली ओळ लिहिली ती आमच्या पैशावर शंका घेणारी.

१६ मार्च, गुरुवार

काल राष्ट्रीय सण. कोटावर लाल-पांढरा-हिरवा बिल्ला लावून चौकात उभी राहिले. भाषणं भिकार, बँड बरा. कारखान्यातली बोरिश्का दोन्ही पोरांना घेऊन आली होती. सव्वीस वर्षांची, नवरा युरेनियमच्या खाणीतून कमी केलेला, तिसरं ऑगस्टमध्ये येणार. म्हणाली, "मावशी, मंत्र्याला विचारा ना, माझं पोट जाहीरनाम्याच्या आधीचं धरणार का नंतरचं?" मी म्हटलं, "त्याचं स्वतःचं पोट कधीचं आहे ते आधी विचारते."

आज सकाळी, बिल्ला अजून कोटावर असतानाच, केस्लरबाईंना उत्तर पाठवलं: 'आम्ही जे लिहितो तेच आमच्या मनात असते. भाव फोरिंटमध्ये.' सही ठसठशीत केली.

२३ मार्च, गुरुवार

गुरुवारी मास्तर पत्ते खेळायला येतात. आज पत्ते कमी, प्रवचन जास्त.

"बाई, हे घर समजा. घराची पिशवी फाटलेली: सरकार कमावतं त्याहून जास्त वाटतं. आणि टोपलीही गळकी: देश बाहेर विकतो त्याहून जास्त बाहेरून आणतो. दोन्ही भोकं देशाच्या शंभर फोरिंट कमाईमागे आठ-नऊची. एकामुळे दुसरं मोठं होतं. सरकार वाटतं, लोक त्यातून व्हिएन्नाचे फ्रीज आणतात."

"पण गेल्या वर्षी तुम्हीच सांगत होता, देश तीन टक्क्यांनी वाढला म्हणून."

"वाढलाच."

"वाढला का सुजला? हात लावून बघितलंत?"

मास्तरांनी पत्ते खाली ठेवले. "हेच तर मंत्री म्हणतोय! फक्त तुमच्याइतकं चांगलं बोलता येत नाही त्याला."

"त्याची आणि माझी तुलना करू नका. तो सुई घेऊन दोन्ही भोकं शिवायला निघालाय, ठीक. पण टोचतोय कुणाला? बोरिश्काला. ती कधी गेली होती व्हिएन्नाला फ्रीज आणायला?"

मास्तरांनी पत्ते पुन्हा उचलले. मग म्हणाले, "एक मात्र खरं, मार्ताचं भलं होईल. फोरिंट आता दर महिन्याला दोन टक्क्यांच्या आसपास उतरत जाणार, तसं जाहीरच केलंय, शेवटी, तुम्ही टीव्ही बंद केल्यावर. मार्कात विकणाऱ्याची चांदी आहे."

मी गालात हसले आणि पान टाकलं. मास्तरांना सगळं मार्कातच दिसतं. ईस्टरला कळेल त्यांना.

३ एप्रिल, सोमवार

दातांचा डॉक्टर म्हणतो, दाढ उपटणं अजून फुकट, बसवणं फुकट राहणार की नाही ते त्यालाही ठाऊक नाही. म्हणजे मंत्री आमचे दात काढणार, घालणार नाही. दाढ तशीच ठेवून आले.

११ एप्रिल, मंगळवार

हे लिहायचं नव्हतं. पण ही वही मी स्वतःशी खोटं बोलण्यासाठी ठेवलेली नाही.

आज कातड्याचं बिल आलं. कातडं इटलीहून येतं, पैसे मार्कात. मार्ता बिल घेऊन खिडकीशी बसली, पेन्सिल कानावर. म्हणाली, "जकात आठ टक्के धरूनसुद्धा चालेल. लेन्ट्सचे अठरा मार्क येताहेत ना, मग सोसेल. मावशी, करार द्या बघू जरा."

मी करार दिला. मनात अजून ईस्टरचा समारंभ होता. कपाटात दोन शॅम्पेनच्या बाटल्या आहेत.

मार्ताने वाचलं. पुन्हा वाचलं. "मार्क कुठे लिहिलेत?"

"मार्क नाहीत. फोरिंट. त्यांनीच मागितला."

तिने पेन्सिल घेऊन बिलाच्या मागे महिने लिहिले, एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, आणि प्रत्येकासमोर चौदाशे फोरिंटचे मार्क. सोळाच्या वर एकही नव्हता. शेवटचा आकडा पंधराला पोचत नव्हता. आणि लेन्ट्स साठ दिवसांनी पैसे देतो, म्हणजे त्याहूनही खाली.

"मावशी, कातड्यालाच आठ-नऊ मार्क जातात. मजुरी, वीज, जकात वेगळी."

कटर वेंडेल मागे कात्री घेऊन उभा होता. तो चाळीस वर्षं कातडं ताणून बोटं कापतो आहे, बोलणं त्याचं काम नाही. पण आज बोलला. "म्हणजे प्रत्येक जोडीमागे आपणच लेन्ट्सला पैसे द्यायचे?"

"सहा हजार वेळा," मार्ता म्हणाली. मग हळूच, यंत्रांपर्यंत जाऊ नये अशा आवाजात: "उन्हाळ्यात चार जणींना काढावं लागेल. शेवटी आली ती आधी जाते. म्हणजे पहिली बोरिश्का. आणि ते करूनही ऑक्टोबरला कुलूप लागणार नाही असं मी सांगू शकत नाही."

मी उभीच होते. तिने ओरडावं असं मला वाटत होतं. तिच्या जागी मी असते तर ओरडले असते.

ती म्हणाली, "बसा मावशी. कॉफी करते."

१२ एप्रिल, बुधवार

केस्लरबाईंचा फॅक्स पुन्हा काढून वाचला. 'विचार करून पुन्हा एकदा कळवावे. आपल्या उत्तरापर्यंत मी करार फाइलला लावत नाही.'

ज्या बाईने बत्तीस वर्षांत छापील मजकुराबाहेर पाऊल टाकलं नाही, तिने हे मालकाच्या नकळत लिहिलं असणार. दोन दिवस करार टेबलावर धरून बसली असणार. आणि मी तिला बिल्ला लावून उत्तर दिलं.

मंत्र्याला शिव्या देणं सोपं होतं.

आज तिला पत्र लिहिलं. 'आपली विश्वासू' वगैरे काही नाही. चूक माझी, भाचीची नाही. बारा बायका आहेत. एकीला ऑगस्टमध्ये मूल होणार आहे. काही करता येईल का. एवढंच. सदुसष्ट वर्षांची होईपर्यंत मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे कसं मागतात ते ठाऊक नाही. जर्मन व्याकरण मात्र तपासलं.

१७ एप्रिल, ईस्टर सोमवार

शॅम्पेन उघडली नाही.

सकाळी मास्तर सुगंधी पाण्याची बाटली घेऊन आले, प्रथेप्रमाणे माझ्या केसांवर शिंपडायला. दर वर्षी तीच चार ओळींची कविता म्हणतात, फूल कोमेजू नये वगैरे. या वर्षी मी म्हटलं, "फूल कोमेजलंय मास्तर, पाणी वाया घालवू नका." आणि सगळं सांगून टाकलं.

मी तयारीत होते. आता हे म्हणणार, शेवटी काय होतं ते ऐकलं असतं तर! पण ते म्हणाले, "मी त्या रविवारी तुमच्या दाराशी उभा राहून सांगायला हवं होतं. केक खात बसलो."

मग त्यांनी पाणी शिंपडलंच. हॅम आणि किसलेला तिखट मुळा खाल्ला. जाताना म्हणाले, पायाखालची वाळू सरकत असते तेव्हा घाई करणाऱ्याचं नुकसान कमी होतं. मला त्यांची कोडी नको होती. दार लावून घेतलं.

२१ एप्रिल, शुक्रवार

केस्लरबाईंचं पत्र. टाइप केलेलं नाही, हाताने.

'तरुण मालकांशी बोलले. ते म्हणतात, करार तो करार. ते चुकीचं बोलत नाहीत, म्हणून मी वाद घातला नाही. परंतु ठरल्या तारखेआधी आलेला माल परत पाठवण्याची आमच्याकडे पद्धत नाही. आणि बिले साठ दिवसांनी बँकेत जातात की त्याच दिवशी, हे या टेबलावर ठरते. या टेबलावर मी ३० जूनपर्यंत आहे. त्यानंतर मी निवृत्त होते. जे काही त्याआधी येईल, त्याचे पैसे त्याच दिवशी निघतील.'

मार्ताला तोंडी भाषांतर करून सांगितलं. ती पेन्सिल शोधू लागली, जी तिच्या कानावरच होती.

"जूनअखेर सहा हजार. दिवसाला शंभरच्या वर, शनिवार धरून. जमलं तर..." तिने आकडे मांडले. "जमलं तर फायदा नाही, पण बुडत नाही. कुणाला काढायला नको."

"आणि नाही जमलं तर?"

"एक जुलैपासून प्रत्येक जोडी आपल्याला खाते."

मास्तरांचं कोडं तेव्हा सुटलं. त्यांना कळवणार नाही, शेफारतील.

२४ एप्रिल, सोमवार

मार्ताने सगळ्यांना यंत्रं थांबवून सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. "करारात गडबड झाली" म्हणाली. मी उठून म्हटलं, "गडबड झाली नाही, मी केली."

मग बोरिश्का म्हणाली, "मग बसा की मावशी टेबलाला. नन्सनी टाका शिकवलाय का नुसतीच प्रार्थना?"

"दोन्ही."

"बरं झालं. आमच्या यंत्राला दोन्ही लागतं."

मला शिवलेली बोटं लाकडी काठीने उलटी करून सुलटी काढायचं काम दिलं. सगळ्यात खालचं काम. बरोबर आहे.

९ मे, मंगळवार

दिवसाला पंच्याण्णव. कमी पडतंय. माझे अंगठे सुजलेत. ही वाढ नव्हे, हे हात लावूनच सांगते.

जुन्या कारखान्यातल्या दोघी परत बोलावल्या. एक तीन वर्षं बाजारात मुळे विकत होती. यंत्रासमोर बसली, पाय पायडलवर ठेवला आणि रडली. मग म्हणाली, "तेल कोण घालतं याला? लाज वाटत नाही?"

२६ मे, शुक्रवार

परवा व्हिएन्नाच्या एका दुकानाची चौकशी आली, आपणहून. 'आपला माल आता अतिशय परवडणारा झाला आहे असे ऐकतो.' परवडणारा! माझा संताप झाला. मार्ताने मात्र पत्र वाचून मला मिठी मारली. शरद ऋतूसाठी दोन हजार जोड मागतात. अजून दोघी घेतल्या.

काल पत्ते खेळताना मास्तरांना सांगितलं की नव्या बायका घेतोय. ते म्हणाले, "पाहिलंत? टोपलीचं भोक असंच शिवलं जातं."

"ते मार्ताने शिवलं, मंत्र्याने नाही."

"होय बाई."

"आणि माल परवडणारा का झाला सांगू? कातडं महागलं, जकात वाढली, वीज वाढली. स्वस्त झालं ते एकच. बोरिश्काचा पगार मार्चमध्ये होता तोच आहे, आणि दुधाचा भाव मार्चमधला राहिलेला नाही. व्हिएन्नाला परवडतात ती तिची बोटं."

मास्तर हातातले पत्ते लावू लागले. "हे पुस्तकात असंच लिहिलेलं असतं," म्हणाले, "फक्त तिचं नाव नसतं."

त्या डावात मी हरले. ते मुद्दाम हरत नाहीत, म्हणून त्यांच्याशी खेळते.

व्हिएन्नाला उत्तर लिहिलं. चलनाची जागा आली तेव्हा हात थांबला. शिलिंग, त्यांचंच चलन, लिहिलं. मार्ताला दाखवलं. तिने खाली दुसरी सही केली.

१३ जून, मंगळवार

आज सगळं बसायची वेळ आली होती. कातड्याची शेवटची खेप जकातीच्या गोदामात तीन दिवस अडकली. जादा जकातीचा नवा फॉर्म हवा, तो आमच्याकडे नाही. साडेसहाशे जोड त्या कातड्यात आहेत, आणि तीस तारखेला सतरा दिवस.

सकाळी मीच गेले. खिडकीमागे चष्म्याचा तरुण.

"आजी, फॉर्मशिवाय नाही देता येत."

"मग फॉर्म द्या."

"आमच्याकडेही आलेला नाही."

"म्हणजे तुम्ही माझ्याकडे असा कागद मागताय जो जगात नाही. असा प्रश्न मला याआधी फक्त धर्मशिक्षणाच्या तासाला विचारला होता."

मागच्या रांगेतला ट्रकवाला खो खो हसला. तरुणाचे कान लाल झाले. मला थोडं वाईट वाटलं. कागद त्याने थोडाच गिळला होता. म्हटलं, "हे बघा बाळा. जुना फॉर्म द्या, मी त्यावर हाताने नवं कलम लिहिते. खाली माझी सही, पत्ता. छापील आला की बदलायला मी स्वतः येते. मी चुकीचा कागद एकदाच लिहिते, दुसऱ्यांदा नाही."

तो आत जाऊन साहेबाला विचारून आला. दीड तास बाकावर बसले. जपमाळ पर्समध्ये होती, पण काढली नाही; बोटं दुखत होती.

दोन वाजता कातडं कारखान्यात. वेंडेलने गठ्ठा तिथेच जमिनीवर सोडला.

बोरिश्का अंगठे बसवते, ते सगळ्यात अवघड काम. एक पाय थंड पाण्याच्या बादलीत बुडवून बसते, पोट टेबलाला टेकलेलं. "घरी जा," मी म्हटलं. "मावशी," ती म्हणाली, "घरी खाणीतून काढलेला माणूस बसलाय. इथे निदान पायाला गार लागतं."

२८ जून, बुधवार

सहा हजार. शेवटचे चाळीस जोड गरम केलेल्या पितळी हातांवर चढवून इस्त्री होत होते तेव्हा ट्रकवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. वेंडेल बाहेर गेला आणि त्याला काय बोलला ठाऊक नाही, पण हॉर्न थांबला. सव्वाचारला ट्रक निघाला. मार्ताने सगळ्यांना आंबट चेरीचं गार सूप दिलं. दोघी सूप खातानाच झोपल्या.

परवा दुपारपर्यंत पोचला पाहिजे. वाटेत, सीमेवरच्या पासाउला रस्त्याचं काम चालू आहे म्हणतात.

३० जून, शुक्रवार

बारा वाजले. फॅक्स नाही.

एक. नाही.

अडीच वाजता मास्तर जिन्यावरून धावत आले, थेट कारखान्यात, या वयात! "घटनेच्या कोर्टाने मंत्र्याची बरीच कलमं रद्द केली! ज्यांच्या पोटात आधीच मूल आहे त्यांचे पैसे काढता येणार नाहीत! बोरिश्का, ऐकलंस का?"

बोरिश्काने यंत्र थांबवलं. "म्हणजे माझं आधीचं धरलं?"

"आधीचं धरलं!"

"त्याला कळवते," म्हणाली, पोटावर हात ठेवून, आणि पुढचा अंगठा बसवायला घेतला. व्हिएन्नाचा.

मी मास्तरांना म्हटलं, "सुईने शिवलेलं कोर्टाने उसवलं. आता तुमच्या पिशवीचं काय?" ते धापा टाकत होते. त्यांना पाणी दिलं. माझ्याच पेल्यातून प्यायले.

तीन वाजून दहा मिनिटांनी यंत्र गुरगुरलं. फॅक्सवर चारच ओळी:

'माल बारा वाजता मिळाला. मोजला. सहा हजार. सर्व बिले आज बँकेत गेली, पावती सोबत. सोमवारपासून या टेबलावर नवे गृहस्थ असतील. त्यांना भाव मार्कात लिहावा. आपली, हेडविग केस्लर.'

बत्तीस वर्षांत तिचं नाव पहिल्यांदा कळलं. सहीतला 'एच' म्हणजे मी हिल्डेगार्ड धरून चालले होते.

मार्ताने आकडे मांडले. साडेतीन महिन्यांच्या कामातून उरले ते एका कॉफीयंत्रापुरते. कुणालाही काढायचं नाही.

आज मी हेडविगला लिहिलं: कागदावर हात ठेवून पेन्सिलीने त्याची रेघ काढून पाठवा.

१४ जुलै, शुक्रवार

हेडविगच्या हाताची रेघ सोमवारी आली होती. उजवा हात; तर्जनी आणि मधलं बोट टाइप करून करून बाहेरच्या बाजूला वळलेलं. खाली लिहिलं आहे, 'पूर्वी माप साडेसहा होते.' मी माझा हात त्यावर ठेवून पाहिला. माझी करंगळी वळली आहे, बोटं उलटी करण्याच्या काठीने. वेंडेलने व्हिएन्नासाठी ठेवलेल्या कातड्यातलं सगळ्यात चांगला तुकडा काढला आणि ती वळलेली बोटं तशीच वळलेली कापली. अंगठे बोरिश्काने बसवले. हातमोज्यांच्या पाठीवरचे शोभेचे तीन टाके मी घातले. नन्सनी टाका शिकवला होता, हे आता सिद्ध झालं.

आज पोस्टात गेले. खिडकीमागच्या मुलीने जकातीचा कागद पुढे सरकवला.

"आत काय आहे, मावशी?"

"हातमोजे. भेट."

"किंमत लिहा. भेट असली तरी लिहावीच लागते. आणि कुठल्या पैशात ते."

मागे रांग होती. मास्तरही होते, माझी छत्री धरून. पाऊस नव्हता, पण ते म्हणाले, येतो. मी पेन घेतलं आणि लिहिलं: १ फोरिंट.

मुलीने वाचलं. "एक फोरिंट? मावशी, एवढ्यात काडेपेटीही येत नाही."

"ठाऊक आहे. आजच्या तारखेचा शिक्का मारा."

"आजचाच का?"

"उद्या तेवढाही राहणार नाही," मी म्हटलं. "मंत्र्याला विचारा. शेवटपर्यंत ऐका मात्र."